देवाच्या डोंगरावरील औषधी वनस्पतींची पाहणी आणि नोंद : मुंबईतील नवख्या अभ्यासकांसाठी

मुंबईच्या आसपास देवाच्या डोंगरांची वाण नाही. विरारची जीवदानी, मुंब्र्याच्या कड्यावरची मुंब्रादेवी, वसईजवळचे तुंगारेश्वर, बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरीचा लेणी-डोंगर, इतकेच काय, अंधेरीच्या भर वस्तीत उभ्या असलेल्या गिल्बर्ट हिलच्या माथ्यावरही गावदेवीचे देऊळ आहे. अशा एखाद्या डोंगरावरील औषधी वनस्पतींची पाहणी करून तिची नीट नोंद ठेवावी असे ज्यांच्या मनात आहे, परंतु ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या कामासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी, नीटनेटके अक्षर आणि माणसांशी सावकाश बोलण्याची सवय मात्र लागते.

आरंभीच एक कसोटी मनाशी पक्की करावी. दोनशे नावांच्या यादीपेक्षा वीस पूर्ण नोंदी अधिक उपयोगाच्या असतात. पूर्ण नोंद म्हणजे अशी, की जिच्यावरून ती वनस्पती कोणती हे दुसऱ्या माणसाला वाळवलेल्या नमुन्यावरून किंवा छायाचित्रांवरून पुन्हा तपासता येते, ती कोठे आणि केव्हा दिसली हे कळते, आणि तिचा उपयोग कोणी, कोणत्या शब्दांत व कोणाच्या संमतीने सांगितला हेही कळते. यांपैकी एक दुवा तुटला, तरी उरते ती केवळ ऐकीव माहिती, आणि ऐकीव माहितीचा आपल्याकडे तुटवडा नाही.

पहिले काम : डोंगर निवडणे आणि जमीन कोणाची हे शोधणे

नवख्याने लहान डोंगर निवडावा. तेथे लोकलने आणि थोड्या पायपिटीने सकाळी पोहोचून दुपारपर्यंत परतता यावे, कारण वर्षभर दर महिन्याला तेथे जायचे आहे. नाव मोठे म्हणून कान्हेरी किंवा तुंगारेश्वर निवडण्याचा मोह होतो. परंतु कान्हेरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात असून लेण्यांचा परिसर पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे, आणि तुंगारेश्वर हे २००३ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य आहे. तेथे तिकीट काढून फिरणे वेगळे आणि अभ्यास करणे वेगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अशा क्षेत्रातील शास्त्रीय अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळण्यास वेळ लागतो. गिल्बर्ट हिलचा माथा सरावाला चांगला आहे, पण तो इतका आटोपशीर आणि बांधीव आहे की तेथे पाहणी अशी फारशी होणार नाही.

देऊळ विश्वस्त मंडळाचे असले, तरी भोवतालचा उतार त्याच मंडळाचा असतो असे नाही; तो बहुतेक ठिकाणी वनखात्याचा असतो, क्वचित खासगी मालकीचाही असतो. गट क्रमांक शोधून सातबारा पाहावा किंवा तलाठ्याकडे सरळ चौकशी करावी. जमीन राखीव वन आहे की संरक्षित, हे कळल्याशिवाय अर्ज कोणाकडे करायचा तेच कळत नाही.

दुसरे काम : तीन ठिकाणी विचारणे

पहिली परवानगी वनखात्याची. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य सोडून इतर वनजमिनीसाठी संबंधित उपवनसंरक्षकांना अर्ज करावा व त्याची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यावी. अर्जात गटातील व्यक्तींची नावे, हेतू, वाट, संभाव्य तारखा, नमुने घेणार की केवळ छायाचित्रे काढणार, आणि नमुने घेणार असल्यास ते शेवटी कोठे जमा करणार, हे स्पष्ट लिहावे. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत प्रत्येक फेरीत जवळ ठेवावी. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी अर्ज महाविद्यालयामार्फत पाठवल्यास काम पुष्कळ सोपे होते.

दुसरी विचारणा देवस्थानाकडे. विश्वस्तांना पत्र द्यावे आणि पुजारी किंवा गुरव यांना प्रत्यक्ष भेटून सांगावे. डोंगराचा कोणता भाग देवाचा मानला जातो, कोठे चप्पल घालून जात नाहीत, कोणत्या झाडाला कोयता लावत नाहीत, हे त्यांनाच ठाऊक असते आणि ते कोणत्याही सरकारी नकाशावर नसते. नवरात्रात जीवदानीला किंवा महाशिवरात्रीला तुंगारेश्वरला पाहणीसाठी जाऊ नये. गर्दीत काम होत नाही आणि भाविकांच्या पायात आपली मोजपट्टी येते.

तिसरी विचारणा पायथ्याच्या पाड्यात करायची, आणि नेमकी हीच बहुतेक गट विसरतात. मुंबई, ठाणे व पालघर पट्ट्यातील डोंगरांच्या पायथ्याशी वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर, कोकणा अशा समाजांची वस्ती आहे. पाला, साल, मुळी ओळखणारी माणसे येथेच राहतात. वनखात्याचा कागद दाखवला की पाड्यातील लोकांनी माहिती द्यावी, अशी अपेक्षा ठेवणे उद्धटपणाचे आहे. पाड्यातील वडीलधाऱ्यांसमोर आपण कोण, काय लिहिणार आणि लिहिलेले कोणाला दाखवणार हे मराठीत, सोप्या शब्दांत सांगावे आणि त्यांना आपसात बोलायला वेळ द्यावा. नकार मिळाला तर तो स्वीकारून केवळ वनस्पतींची नोंद करावी. उपयोगांचा रकाना रिकामा राहिला तरी चालतो.

जैवविविधता कायदा, २००२ याचीही जाणीव असावी. २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाली आहे. आपण केवळ नोंद करत असलो तरी, गोळा केलेली माहिती किंवा नमुने एखाद्या परदेशी व्यक्तीला वा संस्थेला देण्याचा, अथवा व्यापारी उपयोगाचा प्रश्न निघाला की हा कायदा आडवा येतो. असा प्रस्ताव कोणी आणल्यास नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारणा करूनच पुढे जावे.

तिसरे काम : वर्षाची आखणी

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि डोंगराचे वर्षही तेव्हाच सुरू होते. तथापि पाहणीची सुरुवात मे महिन्यातच करावी. त्याचे कारण शेवळे. पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून त्याचा जांभळट कोंब वर येतो. तोच फुलोरा असतो आणि बाजारात भाजी म्हणून विकला जातो. पान नंतर येते. जूनमध्ये फुलोरा पाहणाऱ्याला पान दिसत नाही आणि ऑगस्टमध्ये पान पाहणाऱ्याला फूल दिसत नाही. दोन्ही फेऱ्या केल्या तरच एक नोंद पुरी होते.

जून-जुलैत फोडशी, सफेद मुसळी, रानहळद, पेवा अशा कंदवर्गीय वनस्पती वर येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कळलावी, भारंगी, आघाडा, कुर्डू फुललेले सापडतात. पाऊस सरल्यावर शेंगा आणि बिया पाहाव्यात, थंडी सरताना धायटी, पळस, सावर, आणि उन्हाळ्यात कुडा, बाहवा, करवंद. कारवी मात्र आठ वर्षांतून एकदाच फुलते. राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर फुलली होती. तिच्या फुलांची वाट पाहत बसण्यापेक्षा ती पानांवरून ओळखायला शिकावे.

डोंगराचे पाच-सहा तुकडे पाडावेत : पायथा, पायऱ्यांची दुतर्फा, ओहोळाची ओल, मधला उतार, माथ्यावरचा सडा (उघडे कातळपठार) आणि देवळाचा परिसर. प्रत्येक तुकड्यात एक ठरावीक वाट आखून दर फेरीत तीच चालावी. संख्या मोजायची असेल तर झाडांसाठी १० × १० मीटर, झुडपांसाठी ५ × ५ मीटर आणि लहान रोपांसाठी १ × १ मीटरचे चौकोन घेण्याची रूढ पद्धत आहे. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. पहिल्या वर्षी चौकोन टाकले नाहीत तरी बिघडत नाही.

देवळाचा परिसर वेगळा ठेवण्यामागे कारण आहे. तेथील बेल, रुई, धोतरा, तुळस, चाफा, वड, पिंपळ यांपैकी पुष्कळ झाडे कोणीतरी लावलेली असतात. देवळाभोवती सर्रास दिसणारा चाफा तर मूळचा अमेरिका खंडातील आहे. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ‘लावलेले’, ‘आपोआप आलेले’ किंवा ‘खात्री नाही’ असे तीनपैकी एक लिहावे. पायऱ्यांच्या कडेने पसरलेला दगडीपाला जखमेवर चोळतात. तोही परदेशातून आलेला आहे. परदेशी म्हणून त्याचा उपयोग वगळू नये आणि उपयोग आहे म्हणून त्याला स्थानिक ठरवू नये.

चौथे काम : पिशवी भरणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, जाड पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल, सूत बांधलेले पुठ्ठ्याचे छोटे बिल्ले, फांद्या कापायची कात्री, मोजपट्टी, वर्तमानपत्रे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जागा दाखवणारा मोबाइल, एवढे पुरे. शाईचे पेन घरी ठेवावे. पावसाच्या चार थेंबांत दिवसभराची अक्षरे पसरतात. घोट्याच्या वर येणारे बूट, एक काठी, पाणी आणि प्रथमोपचाराचे साहित्य लागतेच. बिबट्याचा वावर असलेल्या भागातून उजेड असतानाच बाहेर पडावे, शेवाळलेल्या कातळावर उतरू नये, आणि तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. देवळाजवळची माकडे पिशवी हातात दिसली की प्रसाद समजून ओढतात, त्यामुळे नमुन्यांची पिशवी पाठीवर, बंद ठेवावी.

काहीही चाखून पाहू नये. कळलावीच्या कंदात कॉल्चिसिन हे तीव्र विष असते, बिब्ब्याचा रस कातडीवर पडला तर फोड येतात, आणि खाजकुयलीच्या शेंगेवरची लव वाऱ्यानेही अंगावर येते. चीक येणारी फांदी मोडल्यावर डोळ्यांना हात लावू नये.

पाचवे काम : ओळख, आणि त्यासाठी एक कुडा

ओळखीचा सराव डोंगरावर जाण्याआधी करता येतो. भाद्रपदात हरतालिका आणि गणपतीच्या आधी दादरच्या फुलबाजारात पत्री विकायला येते. तिची एक जुडी घरी आणावी, वर्तमानपत्रावर पसरावी, आणि नाव न शोधता प्रत्येक पानाचे वर्णन लिहावे : पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान साधे आहे की संयुक्त, कडा दातेरी आहे का, लव आहे का, देठाशी काही ग्रंथी दिसतात का, चुरगळल्यावर वास येतो का. जुडी एकवीस पत्रींची म्हणून विकत घेतली, तरी त्यात खरोखर किती प्रकार आहेत हेही मोजून पाहावे.

आता डोंगरावरचे उदाहरण घेऊ. कुडा हे नाव पाड्यात कोणीही सांगेल. पांढऱ्या कुड्याची साल म्हणजे आयुर्वेदातील कुटज, त्याच्या बिया म्हणजे इंद्रजव, आणि अतिसारावरील औषध म्हणून ही साल प्रसिद्ध आहे. पण डोंगरावर दोन कुडे शेजारी शेजारी असू शकतात. पांढरा कुडा म्हणजे होलारेना प्युबेसन्स, आणि काळा कुडा म्हणजे रायटिया टिंक्टोरिया. दोन्हींची पाने समोरासमोर, दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींची फुले पांढरी आणि सुवासिक, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या सालीत भेसळ म्हणून मिसळली जाते, ती या सारखेपणामुळेच.

फूल हातात घेऊन भिंगाखाली धरले की गोंधळ संपतो. काळ्या कुड्याच्या फुलात पाकळ्यांच्या मध्यभागी झालरीसारख्या बारीक पांढऱ्या तंतूंचे कडे असते आणि पुंकेसर एकत्र येऊन सुळक्यासारखे बाहेर डोकावतात. पांढऱ्या कुड्याच्या फुलात ही झालर नसते, आणि पुंकेसर नळीच्या आत लपलेले असतात. फुले नसतील तर शेंगा पाहाव्यात : काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी एकमेकींना चिकटलेली असते, तर पांढऱ्याच्या शेंगा टोकापर्यंत सुट्या असतात आणि त्यांवर बारीक पांढुरके ठिपके दिसतात. केवळ पाने असतील तर काम अवघड होते. पांढऱ्याचे पान सहसा बरेच मोठे असते, आणि काळ्याचे पान वाळताना काळपट पडते, पण एवढ्यावरून शेवटचा निर्णय देऊ नये. वहीत ‘कुडा, फूल-शेंग नाही, जात अनिश्चित’ असे लिहून झाडाची जागा नोंदवावी आणि मे महिन्यात पुन्हा यावे.

अशा जोड्या पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून अनेक जण सेंटेला एशियाटिका ही गोलसर पानांची वनस्पती दाखवतात, तर इतर ग्रंथांतील ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी असते. गुळवेलीच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत न करण्याचे आवाहन केले. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात; गुळवेलीच्या खोडावरची पातळ साल कागदासारखी सुटते. पानांवरून, त्यातही मोबाइलवरील एका छायाचित्रावरून, हा फरक सांगण्याचे धाडस करू नये.

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम आहे. हेन्री सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी तिचे नामकरण बोरिवलीवरून केले. मुंबईकराने तिच्या अनेक भाऊबंदांपासून तिला वेगळे ओळखायला शिकणे उचित होईल, पण त्यासाठी ती उपटू नये. तिची मुळेच औषधात जातात, म्हणून एका ठिकाणी दिसलेली रोपे दुसऱ्या फेरीत दिसेनाशी होणे ही या वनस्पतीची नेहमीची गत आहे.

सहावे काम : वहीतील एक पान

प्रत्येक वनस्पतीला धावता क्रमांक द्यावा आणि तो पुन्हा कधीही वापरू नये. त्या क्रमांकाखाली तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, तुकडा, उंची, माती किंवा कातळ, ऊन-सावली, आसपासची झाडे, वनस्पतीचा प्रकार व उंची, आणि वाळल्यावर नाहीसे होणारे सर्व काही लिहावे. फुलाचा रंग, वास, चिकाचा रंग, खोडाचा स्पर्श, हे वाळलेल्या नमुन्यात राहत नाही. ते वहीत नसेल तर कायमचे गेले. दाट झाडीत मोबाइलने दाखवलेली जागा बरीच सरकते आणि उंची तर भरवशाची नसते, म्हणून जवळच्या एखाद्या ठळक खुणेचा उल्लेख करावा : अमुक पायरीच्या डावीकडे, टाक्याच्या वर, दुसऱ्या कमानीमागे.

छायाचित्रे किमान सहा असावीत : पूर्ण वनस्पती, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जोडले जाते ती जागा, फूल समोरून व बाजूने, आणि फळ किंवा साल. चौकटीत मोजपट्टी आणि क्रमांकाचा बिल्ला दिसलाच पाहिजे. सुंदर छायाचित्राचा येथे उपयोग नाही. पानाची पाठ दिसणारे ओबडधोबड छायाचित्र लाखमोलाचे ठरते.

सातवे काम : नमुना, तोही गरज असेल तरच

परवानगीत नमुन्यांची मुभा असेल तरच हे काम करावे. सर्वत्र वापरला जाणारा एक नियम असा : वीस रोपे दिसली तर एक घ्यावे, त्याहून कमी दिसली तर छायाचित्रांवर समाधान मानावे. झाडाझुडपांची फूल किंवा फळ असलेली वीतभर-दीड वीत फांदी पुरते. मुळासकट रोप फक्त विपुल असलेल्या लहान वनस्पतींचेच घ्यावे. देवराईतून किंवा देवाच्या मानलेल्या झाडावरून काहीही तोडण्याआधी गुरवाला पुन्हा विचारावे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून दाखवले की देवाच्या धाकाने राखलेल्या या तुकड्यांत इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पती टिकून आहेत. तेथे अभ्यासकाचा कोयता चालवणे शोभत नाही.

नमुना त्याच दिवशी वर्तमानपत्रात पसरावा. काही पाने सरळ, काही पालथी ठेवावीत, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. दोन फळ्यांच्या किंवा जाळीच्या चौकटींच्या मध्ये घालून पट्ट्याने आवळावे. इतर ऋतूंत दिवसातून एकदा कागद बदलला तरी भागते, पण मुंबईच्या जुलैत सकाळ-संध्याकाळ बदलावा लागतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी नमुन्यावर पांढरी बुरशी येते. चाळीतील खोली असो की बंद गच्चीचा फ्लॅट, दमट हवेवर एकच साधा उपाय आहे : लाकडी खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून त्यावर, पुरेसे अंतर राखून, चौकट ठेवावी आणि घरात कोणी जागे असतानाच तो चालू ठेवावा. पेवा किंवा रानहळदीसारख्या मांसल वनस्पतींचे जाड भाग उभे चिरून वाळवावेत. पूर्ण वाळलेला नमुना गालाला लावल्यास गार लागत नाही.

कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याचे विषारी क्षार वापरत; घरी त्यांच्या वाटेला जाऊ नये. हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवणे पुरेसे आहे. नंतर सुमारे ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड पांढऱ्या कागदावर नमुना टाके घालून किंवा डिंकाने बसवावा आणि उजव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पालापाचोळा.

आठवे काम : माणसांचे ऐकणे

प्रश्न कसा विचारावा, यावर उत्तराची किंमत ठरते. ‘मावशी, हा पाला पोटदुखीवर चालतो ना?’ असे विचारले तर मावशी आपल्याला वाईट वाटू नये म्हणूनही ‘चालतो की’ म्हणतील. ‘मावशी, ह्याला तुम्ही काय म्हणता? ह्याचं काही करता का?’ इतकेच विचारावे आणि गप्प बसावे. पुष्कळदा उत्तर अनपेक्षित दिशेने येते : हा पाला माणसाला नाही, बैलाला, किंवा ही मुळी पावसाळ्यात काढत नाहीत, किंवा ह्याची फक्त भाजी. ‘काही करत नाही’ हेही उत्तर आहे आणि तेही लिहावे.

सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘बाळंतिणीला देतात’ याचे ‘स्त्रीरोगांवर गुणकारी’ असे भाषांतर आपण करू नये. वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढलेला, ओला की वाळलेला, उगाळून की काढा करून की लेप, किती दिवस, आणि हे त्यांना कोणाकडून कळले, एवढे मिळाले तर पुष्कळ झाले. एकच उपयोग एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी सांगितला तर त्याचे वजन वाढते, म्हणून एका भगताचे ऐकून वही मिटू नये. सुईणी, गुराखी, आणि बोरिवली किंवा विरार स्टेशनाबाहेर रानभाज्या विकणाऱ्या बायका यांच्याकडे वेगवेगळी माहिती असते. भाजीवालीला धंद्याच्या वेळी अडवू नये, आणि अडवलेच तर आधी दोन जुड्या घ्याव्यात.

काही औषधे घराण्याची असतात आणि ती सांगितली की गुण जातो, अशी श्रद्धा असते. तेथे दोनदा विचारू नये. डोंगरावर दिवसभर सोबत येणाऱ्या माणसाला त्या भागातील दिवसाची मजुरी द्यावी. चहा-बिस्किटांवर भागवू नये. नाव लिहायचे की नाही हे प्रत्येकाला विचारावे, कारण काहींना नाव यावेसे वाटते आणि काहींना मुळीच नको असते.

नववे काम : नाव पक्के करणे आणि नोंदी सोपवणे

घरी आल्यावर ओळखीसाठी थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीकोशातील किल्ल्या, म्हणजे लक्षणे ताडत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, आजही उपयोगी पडतात. त्यातील शास्त्रीय नावे मात्र पुष्कळ बदलली आहेत, ती नव्याने तपासावीत. आयनॅचरॅलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर छायाचित्रे टाकल्यास जाणकारांचे मत मिळते. अ‍ॅपने सुचवलेल्या नावाला मात्र सुरुवात मानावे, निर्णय मानू नये. शेवटची तुलना खऱ्या नमुन्याशी करावी. त्यासाठी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, जेथे सुमारे दोन लाख नमुने जतन केलेले आहेत, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. आधी पत्र लिहून वेळ ठरवावी आणि नमुना चिठ्ठीसह न्यावा. जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक आपल्या नोंदीत लिहिला की तिचा दुवा पुरा होतो.

लिहिलेले कोणाच्या हाती जाते, याचा विचार येथे करावा लागतो. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले होते, आणि रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे मांडल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. म्हणजे तारीखवार लेखी नोंद लोकांच्या ज्ञानाचे रक्षण करू शकते. परंतु तीच नोंद जागेसकट उघडी टाकली तर मुळ्या खणणाऱ्यांना आयती वाट सापडते. म्हणून नोंदींच्या दोन आवृत्त्या कराव्यात. पहिली संपूर्ण असावी; तिची एक प्रत महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोकजैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी, एक वनखात्याला आणि एक पाड्याला द्यावी; पाड्याची प्रत मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि छायाचित्रांसह असावी, आणि देण्यापूर्वी ती तेथे मोठ्याने वाचून दाखवून चुका दुरुस्त करून घ्याव्यात. दुसरी, सर्वांसाठी खुली आवृत्ती तयार करताना सफेद मुसळी, कळलावी, शतावरी यांसारख्या कंद-मुळांसाठी खणल्या जाणाऱ्या वनस्पतींचे अक्षांश-रेखांश काढून केवळ डोंगराचे नाव ठेवावे, औषधाची मात्रा वगळावी, आणि ज्यांनी नकार दिला त्यांची नावे व त्यांनी सांगितलेले उपयोग कोठेही राहिलेले नाहीत हे दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे.